पयले काच पुस

लोणखेड्याच्या त्या खोलीत राहायला जायला मला सहा दिवस लागले. सामान म्हणाल तर एक खाट, एक टेबल, एक खुर्ची, गॅसची शेगडी, कपड्यांची पेटी आणि लॅपटॉप. टेम्पोवाल्याने सगळं दारात उतरवलं आणि तो शहाद्याकडे निघून गेला. घरमालक ओट्यावर उभे राहून त्या ढिगाकडे असे पाहत होते, जणू मी सहा म्हशी आणून त्यांच्या दारात बांधल्या.

"आज खाट जाई," ते म्हणाले. "टेबल सकाय."

इकडे सकाय म्हणजे उद्या, एवढं मला ठाऊक होतं. पण असं का, ते ठाऊक नव्हतं. मी विचारलं.

"सहा चिजा एकदम घरमा घाल्यात, नि मंग ढेकूण निंघनात, तं ते कोन्ती चीजसंगे उनात ते माले कसं समजी?"

"माझ्या सामानात ढेकूण नाहीत," मी तोऱ्यात म्हणाले.

"नही व्हतीन. पन देखनं तं पडी."

माझं डोकं तसं लवकर तापतं. आल्या पावली नवापूरला घरी परत जावं असं मनात आलं. तेवढ्यात नानी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "राग नको करू पोरी. मन्हं लगन व्हयनं, तव्हय मन्ही पेटीबी आठ दिन ओटावरच व्हती." त्यावर मला हसू आलं आणि मी राहिले. लॅपटॉपचा नंबर सहाव्या दिवशी लागला. ढेकूण एकही निघाला नाही, याचं नानांना थोडं वाईटच वाटलं असावं.

सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. नाना साखर कारखान्यात पॅनमन होते. पुरुषोत्तमनगरला तीसेक हंगाम काढून निवृत्त झालेले. पॅनमन म्हणजे काय, हे मला तिथेच कळलं. उसाच्या रसाचा पाक एका घरभर उंच बंद भांड्यात शिजतो. त्या पाकात साखरेचा दाणा धरवायचा, वाढवायचा आणि नेमक्या वेळी भांडं खाली करायचं, हे सगळं एका माणसाच्या डोळ्यावर चालायचं. तो सळईने थेंबभर पाक काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो, दिव्यासमोर धरतो आणि सांगतो, अजून. किंवा सांगतो, बस. आता त्याला यंत्रं आली आहेत म्हणे. पण नानांच्या काळात अख्ख्या कारखान्याची साखर त्या चार बोटं लांब काचेवर ठरायची, आणि नानांना याचा विसर एक दिवसही पडला नव्हता.

काच निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात असायची, मलमलच्या तुकड्यात गुंडाळलेली. तिच्यावर ते काहीही पसरवत. तूप, मध, काकवी, नानींच्या हातची खीर. लग्नाच्या पंगतीत बासुंदी आली की पहिला थेंब काचेवर जाई, नाना ती काच उन्हाकडे धरत, आणि आजूबाजूच्या चार जणांचे घास हातात थांबत. एकदा मुलीच्या काकांनी कौतुकाने विचारलं, "कसी शे बासुंदी, नाना?" नाना म्हणाले, "साखर चांगली शे. दूधनं मी काय सांगू?" त्या घराने पुढे वर्षभर नानींना हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

नानांचं सगळं आयुष्य एका वाक्यात बसत होतं: एक व्हॉल्व्ह, मंग काच. पाकाच्या भांड्याला बरेच व्हॉल्व्ह असतात, वाफेचा, पाण्याचा, नवीन पाकाचा. एक व्हॉल्व्ह फिरवायचा, मग काचेवर काय झालं ते बघायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. हा नियम कारखान्यापुरता ठेवला असता तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण नाना दाढी आणि केस एका दिवशी करत नसत. नवीन चप्पल घेतली की ती रुळेपर्यंत नवा सदरा नाही. पंखा दुरुस्त झाला त्या दिवशी जळका बल्ब बदलू द्यायचे नाहीत, आणि नानी अंधारात पंख्याचं वारं खात बसायच्या. डॉक्टरांनी तीन गोळ्या दिल्या की पहिली सोमवारी सुरू व्हायची, दुसरी गुरुवारी. तिसरीची पाळी येईपर्यंत ताप कंटाळून निघून गेलेला असे.

दुसरं एक वाक्य होतं, ते मात्र ते क्वचित बोलत. पयले काच पुस. त्यामागची गोष्ट त्यांनी मला पुष्कळ उशिरा सांगितली.

उमेदवारीच्या वर्षी नाना घरापासून लांब, दुसऱ्याच एका कारखान्यात शिकाऊ होते. एका दुपारी मोठा पॅनमन जेवायला गेला आणि भांडं त्यांच्या हाती आलं. त्यांनी काच दिव्यासमोर धरली, तर चांगल्या दाण्यांच्या मधून बारीक बारीक रेघा चमकताना दिसल्या. नाना हादरले. शिजवण्यात घाई झाली की नको असलेला बारीक दाणा पडतो, त्याला खोटा दाणा म्हणतात, आणि तो चांगल्या दाण्याचं अन्न खातो. नानांनी पुन्हा थेंब काढला. पुन्हा तेच. मग त्यांनी गरम पाणी सोडलं आणि भांड्यातला सगळा दाणा विरघळवून टाकला. कितीतरी तासांची मेहनत पुन्हा पाक झाली. मोठा पॅनमन जेवून आला, त्याने काच हातात घेतली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि रिकामीच दिव्यासमोर धरली. रेघा तिथेच होत्या. काचेवर ओरखडे पडलेले होते.

"तो बोलना नही माले कायबी," नाना म्हणाले. "शिव्या देता तं बरं व्हतं." त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची काच घेतली आणि मलमलही.

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर असेल असं मला वाटलं नव्हतं, पण होता. कुठल्याशा ऑफिसातून भंगारात निघालेला, पिवळा पडलेला. नानांनी तो घेतला तेव्हा त्यावर सगळ्यांकडे असते तीच प्रणाली होती. एका सकाळी उठून बघतात तर तिने स्वतःला नवीन करून घेतलेलं. चित्रं निराळी, बटणं हललेली, प्रिंटर बंद. काय काय बदललं ते विचारायचं कुणाला? नाना त्या दिवशी जेवले नाहीत, असं नानी सांगायच्या. "रातमा कोनीतरी दहा व्हॉल्व्ह खोली गया, नि बुकमा एक ओय लिखी नही!" हे ते मला पाच वर्षांनंतरही तितक्याच रागाने सांगत. ओय म्हणजे ओळ, इकडे ळचा य होतो.

मग कॉम्प्युटर जाणणाऱ्या एका ओळखीच्या पोराने त्यांना लिनक्स घालून दिलं. सगळं उघडं, फुकट, प्रत्येक सेटिंग एका फाईलीत लिहिलेली. ती फाईल उघडा, वाचा, एकच ओळ बदला, वाटलं तर परत पहिल्यासारखी करा. आणि विचारल्याशिवाय काही बदलणार नाही. नानांना स्वर्ग दोन बोटं उरला. कारखान्यात पाळीची नोंद करायला असे तसली एक लांबोडी वही त्यांनी कॉम्प्युटरसाठी घातली. वेळ, काय बदललं, काचेवर काय दिसलं. इंग्रजी त्यांचं जेमतेम. कमांडची अक्षरं ते लिहीत नसत, रांगोळीसारखी बघून बघून काढत. पण एक टिंब चुकत नसे.

आता माझं सांगते. मी चित्रं हलवते. नाशिकची एक संस्था सातपुड्यातल्या पहिलीच्या मुलांसाठी त्यांच्या घरच्या बोलीत धडे करते, पावरीत, भिलीत, कोकणीत. त्यातली चालती-बोलती चित्रं मी काढते. आमच्या घरी कोकणी बोलतात, समुद्राकाठची नव्हे, इकडच्या डोंगरातली. पहिलीत असताना गुरुजींचं मराठी मला अजिबात कळायचं नाही आणि मला वाटायचं, मीच मठ्ठ आहे. वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. म्हणून हे काम मिळालं तेव्हा मला नोकरी मिळाल्यासारखं नाही, कुणीतरी बोलावून घेतल्यासारखं वाटलं होतं.

पहिलाच धडा होता आकड्यांचा. एक शेळी डोंगरावरून बाजाराला निघते आणि वाटेत एक ते दहा पानं खाते. शेळी मी काढली, चालवली आणि पडदाभर करून बघितली. ती पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जायला लागली की तिच्या मानेत आडवी चीर पडायची. डोकं मागे, धड पुढे. क्षणभरच, पण प्रत्येक पावलाला. मी मान नव्याने काढली. पुन्हा चीर. मग अख्खी शेळी नव्याने काढली. पाय बदलले, चाल बदलली, रेघ जाड केली, बारीक केली. अशा सात शेळ्या झाल्या. दोनदा मुदत हुकली. संस्थेच्या ताई फार समजूतदार, पण त्यांनाही पुढे उत्तर द्यायचं होतं. त्यांनी लिहिलं, सोमवारपर्यंत धडा आला नाही तर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.

काकांनी नवापूरला एका पोल्ट्रीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. अंड्यांचे ट्रे मोजायचे. वाईट काम नव्हे ते, पण मला ते नको होतं. तरी त्या गुरुवारी मी मनाशी कबूल करून टाकलं की माझ्या हातातच काही नाही, आणि खोली सोडते म्हणून सांगायला खाली गेले.

नानांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आज खाट लयी जाशी का टेबल?"

मी रडायलाच लागले. नाना घाबरले. रडणाऱ्या माणसाचा व्हॉल्व्ह कुठला ते त्यांना माहीत नव्हतं. नानींनी मला बसवलं, आणि हुंदक्या-हुंदक्यांत शेळीची सगळी गोष्ट बाहेर पडली.

नाना वर आले. आधी त्यांनी खिशातून मलमल काढून माझ्या लॅपटॉपचा पडदा पुसला, चारही कोपरे. "चालू दे तिले," म्हणाले. मी सातवी शेळी चालवली.

"मान तुटस."

"हो. सात वेळा काढली, नाना. माझा हातच तसा आहे."

"फोनवर तुटस का?"

"फोनवर नाही तुटत. पण लहान पडद्यावर चूक लपते."

नाना म्हणाले, "शेयी काढी टाक. एक उभी काडी काढ. नुस्ती काडी. नि चालू दे."

मी पट्टीने ओढावी तशी एक सरळ काळी काडी काढली आणि शेळीच्याच वेगाने सोडली. काडी निघाली, आणि मधोमध तिला चीर पडली. वरचा अर्धा भाग मागे, खालचा पुढे.

नाना वाकून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "काडीलेबी मान शे का?"

मी काडी पुन्हा सोडली. पुन्हा चीर.

"सात येळ शेयी मारी तू," ते म्हणाले. "काच एकदाबी नही पुसी. तुन्हा हातमा दोष नही. काचमा शे."

मग लिनक्सवाल्या पोराकडून कळलेलं त्यांनी मला समजावलं, आणि त्यांनी सांगितलं ते मी पुढे वाचलेल्या कुठल्याही माहितीपेक्षा सोपं होतं. आतला एक भाग चित्रं तयार करून देतो, पडदा ती वरून खाली ओळीओळीने दाखवतो. पडद्याचं जुनं चित्र अर्धं दाखवून व्हायचं असतं, तोवर आतला नवीन देऊन मोकळा होतो. मग वर जुनं, खाली नवं. "एक पॅन खाली व्हवाना पयलेच दुसरा भरी दिन्हा," असं त्यांचं म्हणणं. दोघांना एकमेकांसाठी थांबायला शिकवायचं, एवढंच काम.

नाना खाली गेले आणि मला दम निघेना. माझ्या हातात दोष नाही म्हटल्यावर मला पंख फुटले होते. लॅपटॉप चुलतभावाचा जुना. चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून त्याने लिनक्सच घालून दिलं होतं. मी फोनवर शोधलं, पडदा फाटण्यावर पाच जणांनी पाच उपाय लिहिलेले सापडले. एक व्हॉल्व्ह मंग काच हे वाक्य मी रोज ऐकत होते, तरी मी पाचही ओळी एकापाठोपाठ घातल्या आणि मशीन बंद करून चालू केलं. पडदा काळा. वरच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत होती. बाकी काही नाही. सातही शेळ्या आत.

शुक्रवारी सकाळी खाली जाऊन मी नानांसमोर उभी राहिले.

"किती व्हॉल्व्ह खोलात?"

"पाच."

नानांनी डोळे मिटले. मला वाटलं आता माझी कंबख्ती. पण ते शांतपणे म्हणाले, "खोटा दाना पाडा तू. मंग आते काय करतस? नवीन कायबी घालतस नही. पयले घालेल ते काढतस."

पाचही ओळी माझ्या फोनमध्ये होत्या, तेवढं एक बरं झालं. चालू होताना बिघाडासाठी म्हणून जी निराळी वाट ठेवलेली असते, तिथून नाना आत शिरले. शेवटची ओळ आधी काढायची, पहिली शेवटी. मी वाचत होते, नाना एका बोटाने अक्षर अक्षर टाकत होते, आणि प्रत्येक ओळीनंतर वहीत लिहीत होते. मी मध्येच म्हणाले, "वहीत नंतर लिहा ना, नाना." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा करायला उठले. जेवणाच्या वेळेला पडदा उजळला आणि शेळी परत आली, मान फाटलेली. मला ती फाटकी शेळी इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती.

शनिवारी पहिला बदल. पडद्यावरच्या खिडक्यांच्या सावल्याबिवल्या दाखवणाऱ्या भागात एक खूण असते, पडद्यासाठी थांब अशा अर्थाची. ती लावली. बंद, चालू, काडी. चीर होतीच, फक्त मधोमध पडायची ती आता अगदी वरच्या कडेला गेली होती. माझा चेहरा पडला. नाना मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले. "रेघ हालनी! देख, हालनी ना? म्हंजे आपू बरोबर पाइपवर शेतस!" वही ओढून त्यांनी उभ्या उभ्याच नोंद केली.

दुसऱ्या बदलाने काहीच झालं नाही. तो नानांनी परत काढायला लावला. जे कामाचं नाही ते उघडं ठेवायचं नाही. तिसरा बदल ग्राफिक्सच्या छोट्याशा फाईलीत होता. एकच ओळ, फाटू देऊ नको अशी. माझ्या त्या पाचांत ती होतीच, बाकीच्या चौघींच्या गर्दीत. बंद, चालू. काडी या टोकाकडून निघाली आणि अख्खीच्या अख्खी त्या टोकाला पोचली. नानांनी ती चाळीस वेळा चालवायला लावली. मी मोजत होते, कारण मला हात लावायची परवानगी नव्हती.

"आते शेयी," ते म्हणाले.

"सातवी लावू?"

"पयली."

पहिली शेळी मी विसरलेच होते. लावली. ती डोंगरावरून उतरली, मान डोलवत, पानं खात, कुठेही न तुटता बाजाराला पोचली. सातही शेळ्यांत तीच सर्वांत चांगली होती. पुढच्या सहा मी भीतीने काढलेल्या होत्या, आणि ते त्यांच्या चालीत दिसत होतं. रविवारी दुपारी पहिली शेळी नाशिकला गेली. ताईंचं उत्तर आलं, पुढचे चार धडे कधी सुरू करतेस?

संध्याकाळी नाना दूध आणायला गेले तेव्हा मी वही उघडून बघितली. "शनिवार, चार वाजता. तिसरा व्हॉल्व्ह. काच साफ. शेळी पहिल्यापासून चांगली होती."

तोंडावर त्यांनी माझी स्तुती कधीच केली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पण त्या ओळीवर मी आजवर उभी आहे. मी पहिलीत असताना नाना मला भेटायला हवे होते, असं अजूनही वाटतं. मठ्ठ असण्याआधी काच पुसून बघावी, हे तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

दोन वर्षं गेली. मी त्याच खोलीत होते. दिवाळीनंतर एका दुपारी नानी जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नसत. "जरा खाले ये वं पोरी. हाऊ मानूस चार दिनपाईन धड जेवस नही."

नाना कॉम्प्युटरसमोर बसले होते. "रेघ उनी," म्हणाले. वहीत चार दिवसांच्या चार नोंदी होत्या, रोज एक बदल, आणि प्रत्येकापुढे तेच: रेघ तशीच.

मी पडद्याकडे बघितलं. काहीच नव्हतं. "कुठे आहे, नाना?"

"कोपरामा. काया पडदासारखी. हयू हयू मोठी व्हई ऱ्हायनी."

मी त्यांच्याच मलमलने पडदा पुसला. रेघ होती. माझा लॅपटॉप आणून समोर ठेवला. तिथेही होती. मग मी म्हणाले, "नाना, भिंतीकडे बघा."

त्यांनी पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी उठून त्यांच्या डाव्या डोळ्यावर तळवा धरला, मग उजव्यावर. एकदा एक. ही रीत मी त्यांच्याकडूनच शिकले होते. उजवा झाकला की रेघ नाहीशी होत होती.

"मंग डोया," नाना म्हणाले. आवाज अगदी साधा होता, पण मांडीवरचा हात खिशातल्या काचेकडे गेला आणि तिथेच राहिला. "चार दिन मी काचच पुसत बसनू."

शहाद्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय, आजच्या आज सुरतेला न्या. भाड्याच्या गाडीत नानी पुढे बसल्या, मी मागे नानांजवळ. नवापूर गेल्यावर नाना पहिल्यांदा बोलले. "डाक्टरले सांगजो, एकच डोया खोल म्हना. दोन्ही एकदम नही." मी हो म्हणाले. मी तेव्हा कशालाही हो म्हणाले असते. ज्याच्या डोळ्यावर तीस हंगामांची साखर शिजली, तो माणूस त्या डोळ्यावर हात ठेवून माझ्या शेजारी बसला होता, आणि मी जन्मात केला नव्हता एवढा धावा त्या रस्त्यावर केला.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर कठीण होतं. आता किती दिसेल ते हळूहळू कळेल. आठ दिवस नानांना मान खाली घालून राहावं लागलं. रोज वहीत काय लिहायचं ते जमिनीकडे बघत मला सांगत. बदल नाही. बदल नाही. उजेड थोडा.

दीड महिन्याने पडदा बघायची परवानगी मिळाली. मी माझा लॅपटॉप खाली आणला आणि शेळी लावणार, तर नाना म्हणाले, "शेयी नको. काडी." नानी हातातलं लाटणं तसंच धरून दारात उभ्या राहिल्या. नानांनी डावा डोळा स्वतःच्या तळव्याने झाकून घेतला. काडी या टोकाकडून त्या टोकाला गेली. त्यांनी पुन्हा मागितली. पुन्हा गेली. पुन्हा.

"सरय दिखस," ते म्हणाले. मग जरा थांबून, "माले सरय दिखस. पन आते मन्हा डोयावर जाऊ नको. तू देख नि सांग."

ते मला बघायला सांगत होते. अजून की बस, ते मला सांगायला लावत होते. मी काडी सोडली आणि बघितलं. काडी मधोमध वाकली, खालून विरघळली, एकीच्या दोन झाल्या.

"काय दिखस?"

"वाकडी दिसते, नाना," मी कशीबशी म्हणाले.

नानांनी डाव्या डोळ्यावरचा हात तसाच ठेवून मान माझ्याकडे वळवली आणि दुरुस्त झालेल्या डोळ्याने माझे डोळे नीट न्याहाळले, घाई न करता. मग खिशातून मलमल काढून माझ्या हातात दिली.

"पयले काच पुस," ते म्हणाले.